वाद, जल्प आणि वितंडा : वक्तृत्वाविषयीच्या एका जुन्या प्रश्नाचा आढावा

‘वितंडवाद’ हा शब्द आज मराठीत दूषण म्हणूनच उच्चारला जातो. महापालिकेची सभा असो की गृहनिर्माण संस्थेची वार्षिक बैठक असो, प्रतिपक्षावर हा शब्द एकदा टाकला की त्याच्या मुद्द्याला उत्तर देण्याची जबाबदारी संपली, असे मानण्याचा प्रघात पडून गेला आहे. वास्तविक न्यायशास्त्रात वितंडा हा चर्चेचा एक रीतसर प्रकार होता. त्याचे लक्षण सांगितलेले होते आणि त्याचा उपयोगही सांगितलेला होता. ग्रीक भाषेतील ‘सोफिस्ट’ या शब्दाच्या कपाळी नेमके हेच आले. त्याचा मूळ अर्थ शहाणा, जाणता, आपल्या कसबात निपुण असा. परंतु ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात प्लेटोच्या लेखणीखालून गेल्यानंतर तो शब्दच्छल करून पैसे मिळवणाऱ्याचे नाव झाला. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन परंपरांत एकाच जातीच्या शब्दांची अशी सारखीच घसरण होते, तेव्हा तिच्या मुळाशी काही खरी अडचण असली पाहिजे. ती अशी, की मन वळवण्याची विद्या आणि सत्य शोधण्याची विद्या या दोन वेगळ्या विद्या आहेत की एकाच विद्येची ही दोन अंगे आहेत, याचा निर्विवाद निकाल अद्याप कोणालाही लावता आलेला नाही.

थंडी पडू लागली की आमच्या उपनगरांतून व्याख्यानमालांचा हंगाम सुरू होतो. मुलुंडच्या ज्या वाचकमंडळात मी अनेक वर्षे जातो, तेथील स्नेह्यांनी या हंगामाच्या निमित्ताने हा प्रश्न आज कोठवर आला आहे ते एकत्र मांडावे अशी सूचना केली. प्रश्न ग्रीकांचा म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्याचा एक धागा गौतमाच्या न्यायसूत्रांतून आणि दुसरा मुंबईच्या गेल्या दोनशे वर्षांच्या सार्वजनिक जीवनातून गेलेला आहे. म्हणून या तिन्ही ठिकाणी क्रमाने जाणे भाग आहे.

अथेन्समधील पार्श्वभूमी

परंपरा असे सांगते, की वक्तृत्वशास्त्राचा उगम जमिनीच्या कज्ज्यांतून झाला. सिसिली बेटावरील सिराक्यूज येथे ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात जुलमी राजसत्ता उलथून पडल्यावर, जप्त झालेल्या मिळकती परत मिळवण्यासाठी दाव्यांचा पूर लोटला, आणि कोरॅक्स व टिसियास यांनी वादी-प्रतिवादींना आपली कैफियत कशी मांडावी हे शिकवण्यास आरंभ केला. पुढे त्याच बेटावरील लिओन्टिनी या नगरीचा दूत म्हणून गॉर्जियास ख्रिस्तपूर्व ४२७ मध्ये अथेन्सला आला आणि त्याच्या भाषणाने नगर मोहून गेले. अथेन्सच्या न्यायालयात आजच्यासारखे वकीलपत्र देण्याची सोय नव्हती. ज्याचा दावा त्यानेच शेकडो पंचांपुढे उभे राहून बोलावयाचे, अशी रीत होती. लोकसभेतही बोलणाऱ्याचेच वजन पडे. अशा नगरात बोलणे शिकवणाऱ्याला मागणी आली नसती तरच नवल.

हे शिक्षक बहुतेक परस्थ होते. प्रोटॅगोरस अब्डेराचा, प्रॉडिकस केओसचा, हिपियास एलिसचा. ज्या लोकसभेत बोलण्यासाठी ते शिष्य तयार करीत, तिच्यात बोलण्याचा अधिकार त्यांना स्वतःला नव्हता, ही गोष्ट त्यांच्यावर टीका करताना सहसा विसरली जाते. ते मोबदला घेत, आणि तोही भरपूर. प्रोटॅगोरसने या विद्येवर जितके द्रव्य मिळवले तितके शिल्पकार फिडियास आणि आणखी दहा शिल्पकार यांना मिळूनही मिळवता आले नाही, असे प्लेटोने आपल्या एका संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडी घातले आहे. सर्व गोष्टींचे माप मनुष्य हाच आहे, हे प्रोटॅगोरसचे मत. प्रत्येक विषयाला परस्परविरोधी दोन बाजू असतात, ही त्याची शिकवण. समानार्थी भासणाऱ्या शब्दांतील सूक्ष्म भेद काटेकोरपणे दाखवणे, हा प्रॉडिकसचा हातखंडा. गॉर्जियासने हेलेनच्या बचावार्थ लिहिलेले भाषण आज उपलब्ध आहे. त्यात त्याने वाणीला एका बलाढ्य सत्ताधीशाची उपमा दिली आहे, आणि औषधाचा शरीरावर जसा अंमल चालतो तसा शब्दाचा मनावर चालतो, असे प्रतिपादन केले आहे.

ख्रिस्तपूर्व ४२३ मध्ये ॲरिस्टोफेनिसने आपल्या प्रहसनात सॉक्रेटिसालाच सोफिस्ट म्हणून रंगभूमीवर उभे केले, आणि ३९९ मध्ये त्याच सॉक्रेटिसाला पंचांनी देहान्ताची शिक्षा दिली. प्लेटोच्या वक्तृत्वद्वेषाचे बीज या खटल्यात आहे, असे मला वाटते. आपला गुरू खरे बोलत असताना बहुमताने हरतो, हे ज्याने तरुणपणी पाहिले, त्याला मन वळवण्याच्या कलेविषयी प्रेम कसे वाटावे? ‘गॉर्जियास’ या संवादात त्याने वक्तृत्वाची तुलना पाकक्रियेशी केली. वैद्य पथ्य सांगतो, आचारी जिभेला रुचेल ते वाढतो; आणि लहान मुलांच्या पंचायतीपुढे दोघांचा दावा चालला तर वैद्य उपाशी मरेल. परंतु त्याच संवादात गॉर्जियासच्या तोंडी असा एक दाखला आहे, की जो प्लेटोच्या सिद्धान्ताच्या विरुद्ध जातो आणि तरीही त्याने तो प्रामाणिकपणे नोंदवला आहे. गॉर्जियासचा भाऊ वैद्य होता. रोगी औषध घेण्यास किंवा शस्त्रक्रियेस तयार होत नसे तेव्हा वैद्याने समजावून जे झाले नाही ते गॉर्जियासने बोलून घडवून आणले. मुंबईकराला येथे १८९६ ची प्लेगची साथ आठवल्यावाचून राहत नाही. हाफकिनने लस तयार केली, पण लोकांचा विश्वास हा लशीइतकाच आवश्यक होता. १८९७ च्या जानेवारीत त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ती कृती शास्त्रीय चाचणी होती, तशीच ती समजूत घालणारीही होती.

पुढे ‘फीड्रस’ या संवादात प्लेटोने भूमिका पुष्कळ सौम्य केली आणि श्रोत्याच्या मनाचे प्रकार जाणून सत्यच सांगणारे असे खरे वक्तृत्व संभवते, हे मान्य केले. आयसॉक्रेटिसाने आपल्या शाळेत नीट बोलणे म्हणजेच नीट विचार करणे, या पायावर शिक्षण दिले. ॲरिस्टॉटलने मात्र या वादाला शास्त्राचे रूप दिले. वक्त्याचे शील, श्रोत्याची भावना आणि विधानाचा युक्तिवाद अशी मन वळवण्याची तीन साधने त्याने सांगितली. आणि स्वतंत्र ग्रंथात सोफिस्टांच्या तेरा हेत्वाभासांची यादी करून त्यांतील सहा भाषेमुळे व सात भाषेबाहेरच्या कारणांनी उद्भवतात, असे वर्गीकरण केले. हातापायांनी स्वतःचे रक्षण करता न येणे ही जर नामुष्की, तर वाणीने करता न येणे ही त्याहून मोठी नामुष्की मानली पाहिजे, हा त्याचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो.

न्यायशास्त्राची तजवीज

आपल्याकडे हाच प्रश्न शास्त्रकारांनी निराळ्या रीतीने हाताळला. न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होणारा तो वाद. जय मिळवण्यासाठी होणारा, आणि म्हणून छल (शब्दाचा मुद्दाम विपरीत अर्थ घेणे), जाति (वरवरच्या साम्य-भेदावरून केलेला पोकळ आक्षेप) व निग्रहस्थान (पराभव ठरवणारी चूक) यांचाही आश्रय घेणारा, तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ प्रतिपक्षाचे खंडन करणारी ती वितंडा. छल तीन, जाति चोवीस, निग्रहस्थाने बावीस, अशी बारकाईने गणना केलेली आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या परस्परांतील संभाषणाचेही असेच दोन वर्ग आहेत. एक सलोख्याचे, दुसरे भांडणाचे, आणि दुसऱ्या प्रकारात उतरण्यापूर्वी प्रतिपक्षी व परिषद यांचे बळ कसे जोखावे याचाही उपदेश आहे.

न्यायसूत्रकारांनी जल्प आणि वितंडा यांना निषिद्ध ठरवले नाही. अंकुराचे रक्षण करण्यासाठी भोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा त्यांचा उपयोग तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी करावा, असा दृष्टान्त त्यांनी दिला आहे. कोकणात परसातल्या रोपाला ज्याने काटेरी फांद्यांची वई घातली असेल, त्याला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागणार नाही. प्लेटोने वाईट वक्तृत्वाला दाराबाहेर काढले. गौतमाने त्याला दाराशी राखणीला बसवले. कोणती तजवीज अधिक शहाणपणाची, हा या विषयातील एक जिवंत प्रश्न आहे. या परिभाषेचा मोठा कोश, ‘न्यायकोश’, भीमाचार्य झळकीकरांसारख्या पंडिताच्या हातून आपल्याच प्रांतात तयार झाला आणि १९२८ मध्ये त्याची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती पुण्यास निघाली, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

मुंबईचा समुद्रकिनारा आणि व्यासपीठ

मराठी वक्तृत्वाचा इतिहास इंग्रजी अमदानीपासून सुरू झाला असे मानणे बरोबर नाही. कीर्तनकाराचा पूर्वरंग सिद्धान्त मांडतो आणि उत्तररंग आख्यानाने तो हृदयात उतरवतो. ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. दासबोधात श्रोते मध्येच आशंका घेतात आणि वक्त्याला त्या फेडाव्या लागतात. श्रोता हा येथे आरंभापासून कथेचा भागीदार आहे.

तथापि आधुनिक अर्थाने जाहीर वाद मुंबईत सुरू झाला तो धर्माच्या प्रश्नावर. १८३१ मध्ये मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद झाला. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनाऱ्यावर उघड्या वाळूत पाद्र्यांशी आठवड्यामागून आठवडे चर्चा केल्या. त्यांचा इंग्रजी वृत्तान्त जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी छापला आणि मराठी पुस्तक ‘समुद्रकिनारीं वादविवाद’ १८७२ मध्ये बाहेर पडले. त्या चर्चा वाद होत्या की जल्प? दोन्ही पक्षांचे सिद्धान्त आधीच ठरलेले असल्याने त्यांना काटेकोर अर्थाने वाद म्हणता येत नाही. परंतु किनाऱ्यावर जमलेल्या शेकडो सामान्य माणसांनी दोन्ही बाजू एकाच वेळी ऐकल्या, ही त्या शहरात नवी गोष्ट होती. या सुमारास ग्रीक प्रश्नही मराठीत पोचला होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी लिहिलेले सॉक्रेटिसाचे चरित्र १८५२ मधले आहे. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्थापिलेल्या सभेने व तिच्या मराठी शाखेने व्याख्यानांची वहिवाट पाडली, आणि १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली.

या परंपरेतील सर्वांत मोठा कसोटीचा प्रसंग १९०८ च्या जुलैत मुंबईच्या उच्च न्यायालयात घडला. ‘केसरी’तील लेखांवरून राजद्रोहाच्या आरोपाखाली उभे असलेले लोकमान्य टिळक स्वतःच पंचांपुढे बोलले, आणि त्यांचे भाषण सर्व मिळून एकवीस तास दहा मिनिटे चालले. त्यांच्या बचावाचा एक मोठा भाग शब्दांविषयी होता. मूळ मराठी लेख वाचू न शकणाऱ्या पंचांपुढे सरकारी भाषांतर ठेवले गेले आहे आणि त्या भाषांतराने मराठी शब्दांच्या छटा बिघडवल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. प्रॉडिकसच्या शब्दविवेकाची ती विद्या होती. आणि तिला शब्दच्छल म्हणावे की सत्याची चाड म्हणावे, हे ऐकणारा कोण आहे त्यावर ठरले. नऊ पंचांत सात युरोपीय आणि दोन पारशी होते; निर्णय सातास दोन असा विरुद्ध गेला, आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. निर्णयानंतर टिळकांनी उच्चारलेले शब्द आज त्याच न्यायालयात शिलेवर कोरलेले आहेत. हरलेला वक्ता आणि जिंकलेले भाषण, हा विरोध अथेन्सच्या खटल्याशी इतका मिळताजुळता आहे, की प्लेटोच्या संवादांबरोबर हा वृत्तान्तही तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना लावला पाहिजे, असे माझे मत आहे.

आजचे पक्ष

या पार्श्वभूमीवर विद्वानांत आज मुख्यतः चार भूमिका दिसतात.

पहिली प्लेटोची परंपरागत भूमिका : ज्ञान आणि मत यांत जातीचाच भेद आहे, वक्तृत्व मताशी खेळते, म्हणून ते लोकानुरंजनाकडे घसरणारच. लोकशाही देशांतील प्रचारतंत्राने या पक्षाला विसाव्या शतकात भरपूर पुरावा पुरवला.

दुसरी सोफिस्टांच्या पुनर्वसनाची. जॉर्ज ग्रोट यांनी १८५० मध्ये आपल्या ग्रीसच्या इतिहासात त्यांची बाजू घेतली आणि ते त्या काळचे सार्वजनिक शिक्षक होते, असे म्हटले. १९८१ मध्ये जी. बी. केरफर्ड यांनी त्यांचे तत्त्वचिंतक म्हणून गांभीर्याने विवेचन केले. पुढे एडवर्ड शियाप्पा यांनी ‘वक्तृत्वशास्त्र’ या अर्थाचा ग्रीक शब्दच प्लेटोने घडवला असावा, असा पक्ष मांडला. तो सर्वमान्य झालेला नाही. तो खरा असल्यास ज्या शास्त्रावर फिर्याद झाली, त्याचे नाव फिर्यादीनेच ठेवले होते, असे म्हणावे लागते.

तिसरी भूमिका ॲरिस्टॉटलच्या वारशाची. खाइम पेरेलमन आणि ल्यूसी ऑलब्रेख्त्स-टिटेका यांनी १९५८ मध्ये तिला नवे रूप दिले. कायदा, नीती, राजकारण यांत गणिती सिद्धता मिळत नाही, पण म्हणून तेथे केवळ लहरच राज्य करते असेही नाही. तेथे सयुक्तिक समजूत घालणे हीच बुद्धीची रीत आहे. वकिली व न्यायदानाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना ही भूमिका सर्वांत जवळची वाटते.

चौथी भूमिका भारतीय न्यायशास्त्राच्या अभ्यासातून पुढे आली. वितंडा म्हणजे सदैव कुटिलपणा नव्हे, हे बिमलकृष्ण मतिलाल यांनी आपल्या लेखनात साधार दाखवले. नागार्जुनाने किंवा श्रीहर्षाने स्वतःचा पक्ष न मांडता केलेले खंडन ही प्रामाणिक तत्त्वचर्चा असू शकते. महाराष्ट्रात या दिशेने झालेला सर्वांत संस्मरणीय प्रयोग १९८३ चा. दयाकृष्ण आणि मे. पुं. रेगे यांच्या प्रयत्नाने पुण्यास पारंपरिक नैयायिक पंडित आणि पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले तत्त्वज्ञ समोरासमोर बसले, आणि बर्ट्रंड रसेल यांच्या विधानविषयक सिद्धान्तावर संस्कृतात चर्चा झाली. तिचा वृत्तान्त ‘संवाद’ या नावाने १९९१ मध्ये ग्रंथरूपाने आला. तेथे व्यासपीठ नव्हते, टाळ्या नव्हत्या. होते ते फक्त एकमेकांचे म्हणणे आधी नीट समजून घेण्याचे बंधन.

या चारही भूमिकांना छेद देणारी एक हरकत मात्र आपल्याच मातीतली आहे आणि ती टाळून आढावा पुरा होणार नाही. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा १८७३ चा ग्रंथ संवादाच्या रूपात लिहिला. आणि १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले, कारण माणसाचे हक्क जे मनापासून मान्य करीत नाहीत त्यांच्या सभेत बसून एकी होणार नाही, असे त्यांचे मत होते. वाद आणि जल्प यांचा भेद करण्याआधी सभेत कोणाला बसू दिले आहे हे विचारा, असा या हरकतीचा आशय आहे. अथेन्सच्या लोकसभेत स्त्रिया, दास आणि परस्थ नव्हते. न्यायसभांत कोण होते आणि कोण नव्हते, हे आपणांस ठाऊकच आहे.

अनिर्णीत राहिलेले

पहिला अनिर्णीत मुद्दा पुराव्याचा. सोफिस्टांचे लेखन जवळजवळ सर्व नष्ट झाले. जे उरले ते थोडे, आणि बाकीची माहिती विरोधकांकडून आलेली. प्रतिवादीचे दफ्तर जळून गेलेल्या खटल्याचा निकाल कितीही विचारपूर्वक दिला, तरी तो एकतर्फीच राहतो.

दुसरा मुद्दा शिक्षणाचा आहे, आणि तो आमच्या घरापर्यंत येतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील शाळांतून दरवर्षी वक्तृत्व व वादविवाद स्पर्धा होतात. वादविवादात मुलाला प्रस्तावाच्या बाजूने बोलावयाचे की विरोधात, हे पुष्कळदा चिठ्ठी टाकून ठरते. प्रोटॅगोरसची दोन बाजूंची शिकवण ती हीच. याने मुलाचे मन खुले होते, की कोणतीही बाजू भाड्याने घेण्याची त्याला सवय लागते? दोन्ही बाजू बोलता आल्या म्हणजे वस्तुस्थिती निसटत नाही आणि दुसऱ्याची लबाडी ओळखता येते, हे ॲरिस्टॉटलचे उत्तर मला पटते. पण ते एका अटीवर. स्पर्धा संपल्यावर मुलाला कोणीतरी विचारले पाहिजे, की बाळ, तुझे स्वतःचे मत काय? मी अशा स्पर्धांचा परीक्षक म्हणून बसलो आहे. उच्चार, हावभाव, पाठांतर यांसाठी गुणांचे रकाने माझ्यापुढे होते, या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर विद्वानांपेक्षा कार्यकर्त्यांनी अधिक विचार करावा अशी माझी इच्छा आहे. प्लेटोच्या सॉक्रेटिसाची मोठ्या वक्त्यांविषयी एक तक्रार अशी, की त्यांना एखादा प्रश्न विचारला तर ते काशाच्या भांड्याप्रमाणे हात लावून थांबवीपर्यंत घुमत राहतात, किंवा पुस्तकाप्रमाणे उलट उत्तर देत नाहीत. तक्रार लांब भाषणाची नाही. उलट विचारता न येण्याची आहे. या दृष्टीने पाहता वाद आणि जल्प यांतील सीमा वक्त्याच्या हेतूत शोधून सापडणार नाही, कारण हेतू कोणाला दिसत नाही. ती श्रोत्याच्या अधिकारात शोधली पाहिजे. दासबोधातल्या श्रोत्याला आशंका घेण्याचा जो हक्क आहे, तो असेल तेथे अलंकारिक भाषणसुद्धा वादाकडे झुकते. तो नसेल तेथे सत्यवचनसुद्धा केवळ ऐकवले जाते.

हीच कसोटी आमच्या उपनगरांना लावून पाहू. पार्ल्यात टिळकांच्या निधनानंतरच्या दोनतीन वर्षांत, १९२१ मध्ये टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय टिळकचरित्रकार न. चिं. केळकरांचे नाव धारण करते. एकवीस तास बोलून राजद्रोहाच्या आरोपाला उत्तर देणाऱ्या माणसाच्या स्मृतीखाली वाढलेली ही उपनगरे आहेत. येथील व्याख्यानांना आजही सभागृह भरते. परंतु गेल्या काही हंगामांत मी जेथे जेथे गेलो, त्यांतील अनेक ठिकाणी प्रश्न चिठ्ठीवर मागवले जात, निवेदक त्यांतले दोन निवडीत, आणि आभारप्रदर्शनाची वेळ झालेली असे. म्हणून सर्व व्याख्यानमालांच्या चालकांना माझी विनंती आहे, की येत्या हंगामात भाषणाचा अवधी एक तासावर आणावा, पुढचा अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा, आणि ध्वनिक्षेपक श्रोत्यांच्या रांगांमधून फिरू द्यावा.